गिटारचा पहिला अ‍ॅम्प कोणता, साधा दहा वॉटचा की प्रीसेटवाला?

आमच्याकडे दोन्ही प्रकार नांदून झालेत म्हणून लिहितोय. आधी आला मॉडेलिंगवाला, म्हणजे आत वेगवेगळ्या अ‍ॅम्पच्या आवाजांची नक्कल करणारा प्रोसेसर, ढीगभर प्रीसेट (आधीच जुळवून ठेवलेले आवाज), वर फोनचं अ‍ॅप. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण माझी तक्रार त्या एका डब्याबद्दल नाही, त्या जातीतल्या बऱ्याच जणांत ती खोड असते. नंतर आला साधा अ‍ॅनालॉग, दहा वॉटचा, मोजून पाच-सहा नॉब. गिटार शिकते मुलगी, वय वर्षं अकरा. माझं काम वायर लावून देणं आणि दुसऱ्या खोलीतून "आवाज कमी!" ओरडणं.

वॉटवर फार डोकं लावू नका. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात, दहाचे वीस केले तर फरक पडतो जेमतेम 3 डेसिबलचा, आणि घरात तसंही कुठल्या अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम नॉब दोनच्या पुढे जातो. त्यापेक्षा स्पीकर केवढा आहे ते बघा. फेंडर फ्रंटमन 10जी आणि ऑरेंज क्रश 12 मध्ये 6 इंची आहे, फेंडर मस्टँग एलटी25 मध्ये 8 इंची, बॉस कटाना मिनीत 4 इंची. सगळ्यात जाड तार मोकळी छेडून बघा, मोठ्या स्पीकरवर ती पोटातून येते आणि छोट्यावर नाकातून, एवढं ऐकलं तरी पुरे.

आता मॉडेलिंगवाल्याची बाजू आधी, कारण ती खरंच तगडी आहे. पहिल्या दिवशी मुलीने डिले (प्रतिध्वनीसारखा मागून परत येणारा आवाज) असलेला प्रीसेट लावला, एकच तार छेडली आणि तो आवाज विरेपर्यंत गप्प बसून ऐकत राहिली, मग परत छेडली, असं दहा मिनिटं. धड कॉर्ड न येणाऱ्या पोराला ही मजा मिळते तिची किंमत मी कमी लेखणार नाही. शिवाय हेडफोनवर हे अ‍ॅम्प चांगले वाजतात, कारण स्पीकरच्या पेटीतून जाताना आवाजाला जो गोलवा येतो तो आतच तयार केलेला असतो. बऱ्याच जणांत ट्यूनर असतो, यूएसबीने थेट रेकॉर्डिंग होतं. साध्या अ‍ॅम्पमध्ये यातलं बहुतेक काही नसतं. क्रश 12 चा हेडफोन आउटपुट त्यातल्या त्यात बरा, त्यात स्पीकरच्या पेटीची नक्कल आहे, पण त्याला ऑक्स नाही, म्हणजे फोनवरचं गाणं अ‍ॅम्पमधून लावून सोबत वाजवायचं तर सोय नाही. फ्रंटमन 10जी ला ती आहे.

इथपर्यंत पारडं कुठे झुकतंय ते दिसतंच आहे, आणि मीही तसाच झुकलो होतो.

मग एक दिवस क्लासचे सर व्हिडिओ कॉलवर होते. ते म्हणाले, "ट्रेबल जरा कमी कर, कानाला टोचतंय." ट्रेबल म्हणजे आवाजातला तीक्ष्णपणा. तिने नॉब उजवीकडून किंचित डावीकडे फिरवला, आणि आवाज कमी टोचायच्या ऐवजी किंचाळायलाच लागला. सर म्हणाले उलटं फिरवलंस का, ती म्हणाली "नाही सर." मी शेजारून बघत होतो, तिने खरंच नव्हतं फिरवलं. मला आधी वाटलं अ‍ॅम्प बिघडला. बिघडला नव्हता, तो तसाच बनवलेला होता. अशा अ‍ॅम्पात नॉब हा प्रोसेसरला आकडा सांगणारा हात असतो नुसता. प्रीसेट बदलला की आतला आकडा बदलतो पण नॉब काही आपोआप वळत नाही, तो जिथे होता तिथेच. म्हणजे आत ट्रेबल चारवर, बाहेर काटा आठवर, आणि तुम्ही आठचा सात केला की आतला चार उडी मारून सातवर येतो. कमी करायला गेलात आणि वाढला.

मोठ्या माणसाला हे एकदा कळलं की तो सांभाळून घेतो. अकरा वर्षांची पोरगी काय म्हणाली, "बाबा, हा नॉब खोटं बोलतो." आणि त्या दिवसानंतर तिने नॉबना हात लावणं सोडलं. नुसते प्रीसेट बदलत बसायची, सतरा नंबर छान आहे, बावीस घाण आहे, पण बावीस घाण का आहे, गेन (आवाज किती फाटतो ते) जास्त आहे का बास जास्त, ते ना तिला सांगता येई ना मला. अर्ध्या तासाच्या रियाजातली दहा मिनिटं आवाज निवडण्यात. त्यात फोन लागला की अ‍ॅप उघडायच्या आधी दुसरंच काहीतरी उघडतं, ते वेगळं.

साधा अ‍ॅम्प आल्यावर पहिले दोन दिवस तोंड वाकडं होतं, हे कबूल करतो. रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीतल्यासारखी घुमण, नाही त्यामुळे आवाज कोरडा, जी तार नीट दाबली नाही ती लगेच उघडी पडते. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे फाटका आवाज, म्हणाल तर बाटलीत माशी अडकल्यासारखा, गेन निम्म्याच्या खाली ठेवला तर सुसह्य. आणि व्हॉल्यूमचा नॉब शून्यापासून एकपर्यंत झोपलेला आणि एकच्या पुढे केसभर सरकला की घर जागं. रात्री ही फार कटकट होते, गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला तर निभतं पण मग आवाज जरा बोथट होतो. तरीसुद्धा काटा जिथे आहे तिथेच आवाज आहे. ट्रेबल कमी केला की कमी होतो. चारेक आठवड्यांत ती स्वतःहून म्हणायला लागली की बास जास्त झालाय, आणि खरंच झालेला असायचा. माझ्या मते, म्हणजे आमच्या एका घराच्या अनुभवावरून, हे ढीगभर प्रीसेटांपेक्षा जास्त आहे. दुसऱ्या घरी वेगळं होऊ शकतं.

मधला रस्ता हवा असेल तर कटाना मिनी बघा. प्रीसेट नाहीतच, ब्राउन (खूप फाटलेला), क्रंच (थोडा फाटलेला) आणि क्लीन (स्वच्छ) असे तीन आवाज, त्यात डिले, बाकी नॉब जे दाखवतात तेच. सहा डबल-ए सेलवरही चालतो. स्पीकर तेवढा लहान. व्हॉक्स अ‍ॅमप्लगसारखे गिटारला खोचायचे हेडफोन अ‍ॅम्पही असतात, पण पहिला आणि एकुलता एक म्हणून नको. पोरगं काय वाजवतंय ते घरात कुणालाच ऐकू येत नाही, आणि सुरुवातीला कुणीतरी ऐकायला लागतंच. हेडफोन मात्र कुठल्याही अ‍ॅम्पला वायरचाच घ्या. अ‍ॅम्पवर ब्लूटूथ लिहिलेलं असतं ते सहसा फोनवरचं गाणं आत घ्यायला, आणि ब्लूटूथ हेडफोन कसाबसा जोडलात तरी तार आत्ता छेडली आणि ऐकू मागून आली असं होतं.

पोराचं एखाद्या ठरावीक गाण्याच्या आवाजावरच मन बसलंय, किंवा सगळा सराव हेडफोनवरच होणार आहे, तर मॉडेलिंगवाला घ्या, मी आडवा येणार नाही. फक्त घ्यायच्या आधी दोन-चार प्रीसेट बदला आणि प्रत्येक वेळी एक नॉब किंचित हलवून ऐका. काहींत स्क्रीनवर खरा आकडा दिसतो, काहींत नॉब नुसता गोल गोल फिरणारा असतो, तिथे ही भानगड कमी. आवाजाने उडी मारली तर मी सांगितलेलं आठवेल.

आमचा पहिला अ‍ॅम्प आता माझ्या टेबलावर असतो, मी त्यावर अधूनमधून रेकॉर्डिंग करतो. साध्यावर मुलीने नेलपॉलिशचे ठिपके दिलेत, प्रत्येक नॉबला एक, लाल रंगाचे. गेल्या आठवड्यात ट्रेबलचा ठिपका खरवडून थोडा खाली नवीन दिलेला दिसला.