खासगी अहवाल की सरकारी प्रमाणपत्र? अध्ययन अक्षमतेची शंका असलेल्या मुलांच्या पालकांसाठी

तिसरी-चौथीतलं मूल धडा तोंडी घडाघडा सांगतं, आणि वहीत मात्र ‘शाळा’ची ‘शळा’ होते, जोडाक्षरं गळतात, ‘तेवीस’ ऐकून ३२ लिहिलं जातं. मग हुशार असूनही वाचन-लेखन-गणितात अडणं, म्हणजे अध्ययन अक्षमता, आहे का हे ‘एकदा तपासून घ्या’ असा निरोप शाळेतून येतो. खासगी मानसशास्त्रज्ञाकडे जायचं की सरकारी रुग्णालयात नंबर लावायचा, हा प्रश्न इथे पडतो. माझं मत आधीच सांगते: मुलाला आठ वर्षं पूर्ण झाली असतील, तर सरकारी प्रमाणपत्रासाठी आत्ताच नंबर लावा. खासगी मूल्यांकन परवडत असेल तर तेही करा, पण तेवढ्यावर विसंबून दहावी गाठू नका.

खासगी मूल्यांकनाची वेळ लवकर मिळते आणि चांगला अहवाल शिकवण्याच्या फार कामाचा असतो. मूल अक्षरं ओळखताना अडतं, वाचलेलं लक्षात ठेवताना, की फक्त लिहिताना, हे त्यात सुटं करून सांगितलेलं असतं. त्यावरून विशेष शिक्षिका लगेच काम सुरू करू शकतात. जाण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का? फीमध्ये बुद्ध्यांक चाचणी, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या आणि नंतरची समजावून सांगण्याची भेट हे सगळं धरलंय का? आणि चाचणी कोणत्या भाषेत होणार? मराठी माध्यमातल्या मुलाची वाचनचाचणी इंग्रजीत घेतली, तर मूल वाचनात कच्चं आहे की इंग्रजीत, हे कळणार कसं? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची (वाचनातल्या अध्ययन अक्षमतेची) चाचणी मराठीतही आहे, तिची चौकशी जरूर करा.

पण दहावीच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी (जादा वेळ, लेखनिक वगैरे) राज्य मंडळाला सरकारमान्य वैद्यकीय यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं. तिथे खासगी अहवाल कितीही सविस्तर असला तरी चालत नाही, आणि बऱ्याच घरांत हे नववी उलटल्यावर कळतं.

सरकारी वाट वेळखाऊ आहे, हेलपाटे होतात. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी लागते आणि कधी तिथून दुसऱ्या शहरात पाठवतात. आधी बालरोगतज्ज्ञ तपासतात, नजर आणि ऐकण्यात दोष नाही ना हे पाहतात, मग बुद्ध्यांक आणि शेवटी अध्ययनाच्या चाचण्या. हे एका दिवसात उरकत नाही. सोबत शाळेचं पत्र, प्रगतिपुस्तकं आणि मुलाच्या रोजच्या वह्या न्या. पुन्हा लिहून काढलेली नीटनेटकी वही नको. खाडाखोड आणि अर्धवट ओळी असलेली मूळ वहीच तज्ज्ञांना हवी असते.

या खटाटोपामागे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि मान्यताप्राप्त खासगी शाळांनाही तो लागू होतो. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. जादा वेळ तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. गणिताऐवजी खालच्या पातळीच्या अंकगणिताचा पर्याय मात्र घाईने घेऊ नका, कारण पुढे गणित लागणाऱ्या शाखेचा रस्ता त्याने अडू शकतो. शाळेत बसून हे नीट बोलून घ्या.

प्रमाणपत्र एकदा काढलं की झालं, असंही नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठव्या वर्षानंतर पहिलं मिळतं, मग १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. १८ व्या वर्षीचं कायमचं. दहावीचं वर्ष चौदाव्यानंतर लगेचच येतं, त्यामुळे फेरतपासणीची वेळ आठवीतच मागून ठेवा. अर्ज केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ या दिव्यांग प्रमाणपत्राच्या पोर्टलवर भरायचा असतो.

आता ज्या मुलांसाठी माझा जीव सर्वांत जास्त तुटतो त्यांच्याबद्दल. त्याच सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेसाठी बुद्ध्यांक ८५ च्या वर लागतो, आणि बौद्धिक दिव्यांगता साधारण ७० च्या खाली धरतात. मधल्या मुलांना मदतीची गरज असते, पण प्रमाणपत्र मिळत नाही. नुसतं एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असेल तरी तेच, कारण २१ प्रकारांत ते नाही. अशा वेळी खासगी अहवाल हाच आधार. तो घेऊन मुख्याध्यापकांना भेटा आणि वर्गातल्या वर्गात काय करता येईल ते मागा: पुढचा बाक, छापील टिपणं, तोंडी परीक्षा.

याच मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (एनआयओएस) विचार मी गंभीरपणे करायला सांगेन. दहावीला पाच विषय, मराठी माध्यमाची सोय, आणि पाच वर्षांत नऊ संधी. एकेक विषय सोडवत पुढे जाता येतं. वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. उणीव एवढीच की रोजची शाळा सुटते आणि शाळेबरोबर मित्रही. ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे आणि ज्याची शाळा समजूतदार आहे, त्याला मी राज्य मंडळातून हलवणार नाही.

प्रमाणपत्र हातात आलं की सवलतींचा अर्ज शाळेत लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. सवलती दहावीपुरत्या नसतात, घटक चाचणीपासून मागा. ‘आमच्याकडे असं करत नाहीत’ असं उत्तर मिळालं, तर तेही लेखी मागा. पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करायची झाली, तर हेच दोन कागद जोडावे लागतील.