काळ्या पाण्याला बोटीनं, परत विमानानं

भाच्याची अंदमानात पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) बदली झाली आणि आईनं धोशा लावला, सेल्युलर जेल बघायचं. विमानाचं नाव काढलं की म्हणायची, "सावरकरांना काय विमानानं नेलं होतं का? बोटीनंच जाऊ की." वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरतात, पण हट्ट सोडायची नाही. शेवटी तोड निघाली: जाताना बोट, येताना विमान. आमच्या सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्यात आता जो तो विचारतो, अंदमानला कशानं जावं? प्रत्येकाला तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहितोय.

आधी रेल्वे. आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून अंदमानला थेट काही नाही, त्यामुळे पुढे बोट धरा नाहीतर विमान, चेन्नईपर्यंत गाडी आलीच. सोलापूर मुंबई-चेन्नई मेन लाइनवर आहे, म्हणजे कुठं गाडी बदलायची कटकट नाही. सव्वाआठशेच्या आसपास किलोमीटर. वाडी स्टेशन गेलं की चहावाल्याची भाषा बदलते, रायचूरच्या अलीकडं कृष्णा लागते, आईनं नाणं टाकलं. बाकी सगळा डुलकीचा प्रवास.

खरी गंमत चेन्नईत. सोलापूरच्या ज्या एजंटानं तिकिटं काढून दिली, त्यानं बोटीची तारीख "एकदम फिक्स" म्हणून सांगितली होती. आम्ही पोचलो तर खराब हवेमुळं बोट दोन दिवस पुढं ढकललेली. फोन केला तर म्हणतो, "समुद्राचं काय सांगता येतंय ओ?" हे आधी सांगायला काय झालं होतं? दोन रात्री लॉजमध्ये गेल्या, आणि बोटीत वाचलेले पैसे तिथंच उडाले. महिन्यातून मोजक्याच फेऱ्या असतात, म्हणून बोटीनं जाणाऱ्यानं अलीकडं-पलीकडं तीन-चार दिवस मोकळे ठेवावेत. ज्याला सोमवारी कामावर हजर व्हायचंय, त्यानं या भानगडीत पडूच नये.

आता बोट. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर समुद्रानं सुमारे 1,190 किलोमीटर, साठेक तास धरून चाला. केबिन मिळतात, पण आम्हाला बंकच मिळाले. बंक म्हणजे खालच्या मजल्यावरचा लांबलचक हॉल, लोखंडी दुमजली पलंग, त्यावर रेक्झिनची गादी आणि बास. चादर नाही, उशी नाही. इथं आपलं गाव कामाला आलं. भाच्यासाठी नेलेल्या दोन सोलापुरी चादरी तिथंच उघडल्या, एक अंथरली, एक पांघरली. शेजारच्या पलंगावर तमिळ गवंडी होता, दर वर्षी कामाला येणारा. त्यानं चादरीचा काठ दोन बोटांत धरून चोळून बघितला आणि मान डोलावली. भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण चादर कळली.

जेवण ठरलेल्या वेळेला मिळतं, भात आणि सांबार. वेळ चुकली की चुकली. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. तीन दिवस काय, पंधरा दिवस टिकली असती. पहिला दिवस मजेत गेला. डेकवर उभं राहिलं की पाणी हिरवं, मग निळं, मग शाईसारखं गडद होत जातं, आणि उडणारे मासे चमचा फेकल्यासारखे लाटांवरून सुसाट जातात. मोबाईलची रेंज केव्हाच गेलेली. दुसऱ्या रात्री मात्र बोट अशी हलली की मी पलंगाचा दांडा सोडला नाही. तीन वेळा उलटी झाली. आई ठणठणीत! भाकरीचा तुकडा मोडत मला म्हणाली, "तू आता जेलमध्येच राहा, परत यायचं नको तुला." बोटीवर डॉक्टर असतो, गोळी मिळाली. तरी ज्याला घाटात एसटी लागते त्यानं गोळी घरूनच न्यावी आणि बोट हलायच्या आधी घ्यावी.

तिसऱ्या दिवशी पहाटे हिरवी बेटं दिसली तेव्हा आई कठड्याला धरून उभी होती. 1911 साली 'महाराजा' बोटीनं सावरकरांना इथं आणलं, ते चेन्नईहूनच, तेव्हाच्या मद्रासहून. ती काही बोलली नाही, पदर मात्र डोळ्याला लावला. विमानानं आलो असतो तर हे झालं नसतं, एवढं मी कबूल करतो. जेलच्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. त्यातल्या जिन्यांनी आईचे गुडघे बोलले ते वेगळं.

बेटावरच्या रस्त्याचं कौतुक फार ऐकलं होतं. बाराटांग बेटावर जायला पहाटे निघून जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यासाठी थांबावं लागतं. पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथं थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि तेच बरोबर आहे. मग गाडीसकट फेरीबोटीनं खाडी ओलांडायची. चुनखडीच्या गुहा छान आहेत, चिखलाचा ज्वालामुखी म्हणजे बुडबुडे येणारं डबकं. म्हातारं माणूस बरोबर असेल तर हा दिवस वगळा. अजून एक, घड्याळ आपलंच पण सूर्य तासभर पुढं. डिसेंबरात साडेपाचला दिवे लागतात, संध्याकाळचा बेत धरू नका.

परतीचं विमान चेन्नईपर्यंत दोन-सव्वादोन तास. जे यायला अडीच दिवस लागले, ते एक डुलकी काढेपर्यंत संपलं. तिकीट बंकच्या दुपटीहून जास्त पडलं, पण लॉजचा खर्च धरला तर फरक फारसा उरत नाही. आईला विमान आवडलं, हे ती अजून कबूल करत नाही. काउंटरवर बॅग पंधरा किलोच्या वर भरली, कारण भाच्यानं नारळ दिले होते. बोटीत असलं कोणी बघत नव्हतं. जादा पैसे भरायला आई तयार नाही. त्या दमट उकाड्यात तिनं बॅगेतून उरलेली चादर काढली, घडी मोडून खांद्यावरून घेतली आणि काट्याकडं बोट दाखवून मला म्हणाली, "बघ आता किती भरतंय ते."