हेड न उतरवता हेडचं बिल: मोडलेल्या स्टडच्या नावाखाली चाललेली लूट

त्रिमूर्तीनगरच्या एका गाडीमालकाकडून नागपुरातल्या एका गॅरेजनं १८,५०० रुपये घेतले. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा नळ्यांचा भाग) फायरवॉलच्या, म्हणजे केबिनकडच्या पत्र्याच्या बाजूला, आणि कडेच्या सिलिंडरजवळचा खालचा ८ एमएमचा स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) धरून ठेवणारा आट्यांचा दांडा, मोडलेला. त्यामुळे टिकटिक आवाज. "भाऊ, तिथं हात जात नाही, हेड खोलाच लागते," असं सांगून गाडी पाच दिवस ठेवून घेतली. बिलात हेड गॅस्केट, हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), ४ लिटर कूलंट आणि मजुरी.

दोन महिन्यांत टिकटिक परत सुरू झाली. दुसऱ्या मिस्त्रीनं हीट शील्ड काढली, तर नट पाना न लावताच हातात आला. त्यात जेमतेम ५ एमएमचा स्टडचा तुकडा, भोवती जळून काळं पडलेलं एपॉक्सी (चिकटवायचा गोंद). खरा स्टड हेडमध्ये होता तसाच. हेडला तर हातही लागला नव्हता: चेन कव्हरच्या सांध्यावर कंपनीचं जुनंच सीलंट, व्हॉल्व्ह कव्हरच्या बोल्टांवर तेल-धुळीची खपली, कूलंट गढूळ.

बहुतेक वेळा कडेचे स्टड मोडतात, कारण तापलेला मॅनिफोल्ड लांबीत वाढतो आणि ताण टोकांवर येतो. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये लोखंडी स्टड गंजून धरतो तो वेगळाच. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करून ऐका: टिकटिक येते आणि इंजिन तापल्यावर कमी होते, कारण धातू फुगून फट मिटते. हाच आवाज टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) म्हणून सांगतात आणि ते कामही गळ्यात मारतात. मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळी दिसली तर टॅपेटला हात लावू देऊ नका.

बहुतेक वेळा हेड न उतरवता काम होतं. हात जात नसेल तर वायपरखालचं काउल (आवरण) काढतात, संपखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली) लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावतात, एक माउंट (इंजिनाचा आधार) सोडून इंजिन थोडं झुकवतात. रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइल मुरू द्यायचं. स्टड थोडा बाहेर असेल तर त्यावर नट बसवून मधून वेल्डिंग भरतात. लोखंडाचं वेल्डिंग अॅल्युमिनियमला चिकटत नाही, आणि त्या उष्णतेनं गंजाची पकड सुटते. जरा थंड झाल्यावर नट पाव-पाव फेरा पुढेमागे करत काढायचा. पहिला नट तुटला तर दुसरा, तिसरा. इथं घाई करणारा मिस्त्री काम बिघडवतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढलीच पाहिजे, नाहीतर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो.

स्टड आतच मोडला असेल तर सेंटर पंच, मग काटकोनी ड्रिलनं आधी ३ एमएम, नंतर ५. उलट्या धारेचा ड्रिल बिट असेल तर कधी कधी तुकडा त्याच्यासोबतच फिरून बाहेर येतो. शेवटी ६.८ एमएमच्या पुढे जायचं नाही. त्यापुढे हेडचे आटे कापले जातात आणि हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवावं लागतं. सगळ्यात मोठा धोका ईझी-आउटचा, म्हणजे मोडलेला तुकडा फिरवून काढायच्या उलट्या आट्यांच्या अवजाराचा. ते कडक पोलादाचं असतं. आत मोडलं की साधा ड्रिल चालत नाही. मग खरंच हेड उतरवून ते हिंगणा एमआयडीसीसारख्या ठिकाणी स्पार्क इरोजनसाठी (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवायला) न्यावं लागतं. म्हणून ईझी-आउट मोडलं तर खर्च कोणाचा, हे जॉबकार्डवर आधीच लिहून घ्या.

गाडी सोडतानाच तीन वस्तू परत मागा: मोडलेल्या स्टडचा आतला तुकडा, जुनी मॅनिफोल्ड गॅस्केट आणि हेड उतरवलं म्हणत असतील तर जुनी हेड गॅस्केट. "फेकून दिली" हे उत्तर चालवून घेऊ नका. मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप (बारीक कॅमेरा) आत घालून नटाभोवती लाल किंवा काळा चिकट थर आहे का बघा. फेसिंगसाठी लेथवाल्याचं वेगळं बिल मागा.

फसवणूक झालीच असेल तर तो नट, तुकडा, फोटो आणि बिल जपून ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी लागत नाही.