जीपीच्या आधी फिजिओ: इंग्लंडमधल्या एनएचएसची ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ सेवा

कंबर धरली, हात वर जाईना किंवा जिना उतरताना गुडघ्यातून कळ निघू लागली, तर इंग्लंडमधल्या अनेक जीपी सर्जरींत (म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत) आता डॉक्टरांऐवजी थेट फिजिओची वेळ मिळते. जीपीची चिठ्ठी लागत नाही. 2020 पासून या नेमणुकांना एनएचएसकडून, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, पैसे मिळू लागले आणि सेवा पसरली. सांध्या-स्नायूंच्या दुखण्यासाठी पहिली भेट यांचीच घ्यावी, असं आमचं मत आहे.

पहिलं कारण वेळ. जीपीकडे साधारण दहा मिनिटं मिळतात, इथे बहुधा वीस. या जादा दहा मिनिटांत हात लावून नीट तपासणी होते. खांद्याचंच घ्या. कोपर बरगडीला टेकवून फिजिओ तुमचा हात बाहेरच्या बाजूला स्वतः फिरवून पाहतात. त्यांनी फिरवूनही तो अडत असेल, तर फ्रोझन शोल्डरचा, म्हणजे खांदा आखडून बसण्याचा, संशय. त्यांच्या हाताने फिरतो, पण तुम्हाला ताकद लावून फिरवता येत नाही, तर दुखणं स्नायूबंधाचं असण्याची शक्यता जास्त. मधुमेहींना फ्रोझन शोल्डर जास्त होतो, म्हणून साखरेचं आधीच सांगा. गुडघ्यासाठी हाफ पँट आणि खांद्यासाठी बिनबाह्यांचा बनियन घालून जा, नाहीतर कपडे सावरण्यातच पाच मिनिटं जातात.

एक्स-रे मिळाला नाही म्हणून बरेच जण नाराज होतात. पण वय 45 च्या पुढे, चालल्या-उठल्यावर दुखणारा गुडघा आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून कमी, एवढ्यावर सांध्याच्या झिजेचं निदान फोटोशिवाय करावं, असंच तिथलं अधिकृत मार्गदर्शन आहे.

खरी गफलत होते ती नावामुळे. आपल्याकडे फिजिओ म्हटलं की शेक, मशीन आणि दहा सिटिंग डोळ्यांसमोर येतात. इथे ते नाही. काम निदानाचं: एक भेट, फार तर आणखी एखादी, व्यायाम, आणि गरज पडली तर पुढची चिठ्ठी. त्या पुढच्या फिजिओथेरपीसाठी काही ठिकाणी कित्येक आठवडे थांबावं लागतं, आणि सेवेची सगळ्यात लंगडी बाजू हीच. व्यायामाचा कागद किंवा लिंक घेऊन तसंच निघू नका. प्रत्येक व्यायाम समोर करून दाखवा. किती वेळा, दिवसातून कितीदा, आणि करताना किती दुखलं तर चालेल, हे विचारून घ्या. दुखलं की लोक व्यायाम सोडतात, आणि महिन्याने गाडी तिथेच असते.

अधिकारही सर्वांचे सारखे नसतात. औषधं लिहून देणं किंवा सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देणं जादा प्रशिक्षण घेतलेल्यांनाच जमतं, म्हणून वेळ घेतानाच विचारावं. जुलै 2022 पासून फिजिओ फिट नोटवर (आजारपणात कामावर द्यायच्या दाखल्यावर) सही करू शकतात; आजारपणाच्या पहिल्या सात दिवसांसाठी मात्र ती लागतच नाही.

काही दुखणी इथे आणूच नयेत. कंबरदुखीबरोबर जांघेत-बैठकीच्या जागी बधिरता आली, लघवी अडली किंवा शौचावरचा ताबा गेला, तर वेळ घेत बसू नका, तडक ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलचा तातडीचा विभाग, गाठा. उशीर झाला तर नसांची हानी कायमची राहू शकते. सांधा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे सकाळी जखडत असतील, तर रक्ततपासणी हवी. रिसेप्शनवर तसं स्पष्ट सांगा.

भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी एक गोष्ट: जीपी सर्जरीतली तपासणी पाहुण्यांनाही मोफत असते, पण तिथून हॉस्पिटलला पाठवलं तर बिल येऊ शकतं. चिठ्ठी घेण्याआधी ते विचारा, आणि प्रवास विम्याचे कागद सोबत ठेवा. मराठी दुभाषा हवा असेल, तर वेळ घेतानाच मागावा. त्याचे पैसे पडत नाहीत.