चेहरा साहेबांचा, फेटा पोराचा

आजोबांचं तैलचित्र करून घ्यायचं होतं. घरात त्यांचा एकच कृष्णधवल फोटो, तोही पोस्टकार्डाएवढा. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका जुन्या पेंटरकडं काम दिलं. नाव लिहीत नाही, का ते पुढं कळेल.

आधी चित्र. 24 बाय 30 इंच, कॅनव्हासवर ऑइल. आजोबा खासबागेत कुस्त्या खेळलेले, डावा कान मोडलेला. फोटोत त्या जागी नुसता काळा डाग आहे. पेंटरनं तो बघून एवढंच विचारलं, "पैलवान होते काय?" आणि कान असा काही काढला की आमची आत्या जवळ जाऊन बोटानं कॅनव्हासच चाचपायला लागली. डोळ्यांखालची सैल कातडी, मिशीच्या टोकाचा तंबाखूचा पिवळेपणा. फोटोत रंगच नाही, याला हे कुठून दिसलं देव जाणे.

आता माणूस. तोंडाचा फाटका. गिऱ्हाइकालाही अरे-कारे. ते एक वेळ चालेल, कोल्हापुरात शिवी हा काही गुन्हा नव्हे. पण हाताखाली वीस-बावीस वर्षांचं एक पोरगं आहे. फेटा, कोटाची बटणं, मागचा पडदा, सगळं तोच रंगवतो. जरीच्या काठावरचा उजेड तो चार फटकाऱ्यांत काढत होता, आणि साहेब शेजारी चहा पीत त्याच्या बापाचा उद्धार करत होते. पगाराचं विचारलं तर पोरगं टर्पेंटाइनच्या बाटलीचं टोपण फिरवत बसलं. मग म्हणालं, "शिकायला मिळतंय की." चित्राखाली सही एकट्या साहेबांची.

शिष्यांकडून काम करून घेणं नवं नाही, युरोपातला जुना नामांकित चित्रकार रुबेन्स, त्याच्या अँटवर्पमधल्या चित्रशाळेतही ते चालायचं. माझी तक्रार फुकटात राबवण्याची आणि वर शिव्या घालण्याची आहे. यावरून घरात चिरंजीवांशी वाजलं. त्याचं म्हणणं, चित्र बघा, चित्रकाराशी काय करायचंय? इटलीचा चित्रकार काराव्हाज्जो 1606 मध्ये रोममध्ये माणूस मारून पळाला, म्हणून त्याच्या चित्रातला अंधार-उजेड कमी झाला का? नाही झाला, मान्य. पण तो खून काही त्या चित्रांत नाही. फ्रेंच चित्रकार गोगँचं तसं नाही. ताहिती बेटावर त्यानं तेराएक वर्षांची पोर बायको म्हणून ठेवली, आणि 1892 च्या चित्रात तीच भेदरून पालथी पडलेली दिसते. तिथं रंग बघ आणि माणूस सोड, हे कसं जमायचं? माणूस रंगातच बसलाय.

आणि उलटं आपण बिनदिक्कत करतो. इथल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं बघताना त्यांचं फकिरी जगणं आठवतं आणि चित्र आणखी आवडतं. तेव्हा कुणी म्हणत नाही, चित्रकाराला बाजूला ठेवा म्हणून.

माझ्यापुरतं सांगतो. आजोबांचा चेहरा बघताना साहेबांच्या शिव्या आठवत नाहीत. तो चेहरा त्यांनी कमावलाय. नजर फेट्यावर गेली की मात्र अडते.

बाकी व्यवहार: अर्धे पैसे आधी द्यावे लागतात. मूळ फोटोच न्या, मोबाइलवरचा ते हातात धरत नाहीत. तारखेवर विसंबू नका. दिवाळीला देतो म्हणाले, शिमग्यात दिलं. फ्रेम बाहेरून करा, त्यांच्याकडं फार महाग पडते. कामाला पाचपैकी पाच. दुकानाला दोन, तेही चहा बरा होता म्हणून.

मागच्या बाजूला पोराचं पण नाव घाला, असं मी सुचवलं होतं. "मग त्याच्याकडनंच करून घ्यायचं होतं की!" असं ऐकून घ्यावं लागलं.

तर तेच करतोय. आजीचं चित्र त्या पोराला सांगितलंय, पैसे आधी ठरवून. फेट्याचा हात तयार आहे, चेहरा कितपत साधतोय बघू.