हळद, चुना आणि ‘खराब रक्त’

मनगटाचं प्लास्टर साधारण सहाव्या आठवड्यात निघतं, आणि ‘खराब रक्त’ काढून देतो म्हणत लुबाडणारी टोळी माणसाला बरोबर त्यानंतर गाठते. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका यंत्रमाग कामगाराच्या घरी हेच झालं. घरातल्या आजी मोरीत घसरून हातावर पडल्या होत्या. एक्सरेत हाड जुळलेलं, पण बोटं सुजलेली, मुंग्या, रात्री आग. सिद्धेश्वर मंदिराबाहेर एक नीटनेटका माणूस आपणहून बोलायला आला : “मावशी, माझ्या आईचा हात अस्साच होता, आता भाकरी थापते.” दवाखान्याचा पत्ता मागितला तर म्हणे वैद्यच घरी येतील.

वैद्य आले. तपासायची फी नाही. “नसेत खराब रक्त साचलंय. जेवढे थेंब निघतील तेवढेच पैसे, थेंबाला पाचशे.” हाताला पिवळा लेप लावला, ब्लेडने दोन-तीन बारीक चिरा दिल्या आणि ओला कापूस फिरवला. लालभडक! आजींना तोंड फिरवायला सांगितलं होतं, चक्कर येईल म्हणून. थेंब मोजणारा वैद्याचाच साथीदार. 46 थेंबांचे 23,000 आणि औषधाच्या पुड्यांचे 6,000.

लेप हळदीचा, कापूस चुन्याच्या निवळीत भिजवलेला. हळद चुन्याला लागली की लाल होते, कुंकू असंच बनवतात. तंबाखूच्या डबीतला चुना चिमूटभर हळदीत कालवून बघा, मग वर लिंबू पिळा, परत पिवळी. नसेत रक्त साचतच नाही, ते शिरेत असतं. नस म्हणजे मज्जातंतू. बोलीभाषेत दोन्हींना ‘नस’च म्हणतात, आणि यांचा धंदा त्या एका शब्दावर चालतो. शिवाय तेच ब्लेड आधी कुणाला लावलं होतं कोण जाणे. कावीळ बी, सी आणि एचआयव्ही तिघंही त्यातून येऊ शकतात.

पुडीने दोन दिवसांत बरं वाटलं, म्हणून घरच्यांचा विश्वास बसला. बिनलेबलच्या पुडीत डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड मिसळलेलं असणं नवं नाही. त्याने सूज उतरते, साखर चढते. बरेच आठवडे घेऊन एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळू शकतो. आणि हाडं ठिसूळ होतात, म्हणजे ज्या कारणाने मनगट मोडलं तेच वाढवायचं.

दुखणं खरंच असतं, कारण वेगळं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या येत असतील तर मनगटातली मीडियन नस दबलेली असू शकते. तंतू तुटलेले असतील तर ते दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढतात. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सतरा-अठरा सेंटिमीटर, म्हणजे सहा महिने धरा. कातडी चकचकीत, रंग बदलतो, घाम येतो, पदर लागला तरी सहन होत नाही, असं असेल तर तो सीआरपीएस असू शकतो, म्हणजे दुखापतीनंतर मागे राहणारा तीव्र वेदनेचा आजार. त्यात हात झोळीत ठेवून देणं सगळ्यात वाईट. बोटं रोज हलवायची, फिजिओथेरपी, गरजेप्रमाणे नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन कमी डोसने सुरू. सुरुवातीला झापड येते. बधिर बोटांना गरम तेलाचा शेक नकोच, भाजलेलं कळत नाही. हे सगळं प्लास्टर कापताना दोन मिनिटांत सांगता येतं. बहुतेक ओपीडीत कुणी सांगत नाही आणि ती मोकळी जागा मंदिराबाहेरचा माणूस भरतो.

प्लास्टर असतानाच दुखणं वाढत गेलं, आणि दुसऱ्याने बोटं सरळ केल्यावर कळ असह्य झाली, तर त्याच तासाला सिव्हिल गाठा. अशा वेळी सकाळपर्यंत थांबायचं नसतं.

या घरच्यांनी पैसे यूपीआयने दिले, तेही तिसऱ्याच नावाच्या खात्यावर. दुसऱ्या दिवशी फोन बंद. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा संदर्भ क्रमांक), उरलेल्या पुड्या आणि तो कापूस टाकून देऊ नका. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं, नोंदणी नसताना वैद्यकी करण्याला महाराष्ट्राचा 1961 चा वैद्यक व्यवसायी कायदा. पुड्या अन्न व औषध प्रशासनाकडे द्या, मात्र आधी त्यांचा फोटो हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि किती दिवस घेतल्या ते सांगा.