थंडीत सकाळी गाडी उभी तापवायची की लगेच निघायचं?

जानेवारीत पहाटे ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत तीन-चार गाड्या नुसत्या घुरघुरत उभ्या असतात. 'इंजिन तापू दे' ही सवय कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना यांत्रिक भाग) काळातली. थंड इंजिनाला जादा पेट्रोल मिळावं म्हणून चोकचा खटका हाताने ओढल्याशिवाय गाडी नीट चालत नसे, तेव्हा ती बरोबरच होती.

आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या (इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मोजून पेट्रोल फवारते अशा) गाडीत थंड इंजिनाला जादा पेट्रोल आपोआप मिळतं. गाडी उभी असली की भार नसल्याने इंजिन सावकाश तापतं आणि ही जादा खपत लांबते. तासाला साधारण अर्धा ते एक लिटर जातं, अंतर शून्य! शिवाय गिअरबॉक्स आणि टायर थंडच राहतात.

दुसरा मार्ग म्हणजे अर्धा मिनिट थांबून निघायचं आणि पहिले चार-पाच किलोमीटर अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवायचा. मला हाच पटतो. फक्त काचेवर दव असेल तर आधी पुसून घ्या.

नाशिकला जायचं असेल तर टायरही बघा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधल्या हवेचा दाब साधारण एक पीएसआयने (दाब मोजायचं एकक) घटतो, आणि कसारा घाटापलीकडे गारठा ठाण्यापेक्षा जास्त. हवा थंड टायरवरच मोजा. चाललेल्या गाडीचा आकडा फसवतो.